मांदेलीचं घड्याळ

मांदेली माझ्या छातीवर बसायची, पंजाने माझ्या उजव्या डोळ्याची पापणी वर करायची आणि आत कोणी आहे का ते बघायची. मी असायचो. मग ती समाधानाने उतरून निघून जायची आणि मी कौलांकडे बघत पडायचो. यात तिचा काय फायदा होता, हे मला आजही कळलेलं नाही.

मांदेली ही आमची मांजर. आणली तेव्हा ती मांदेली मासळीएवढीच होती, असं अण्णा सांगतात. अण्णा म्हणजे माझे वडील. मासळीच्या मापाबाबत त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे सावरी गावात सगळ्यांना माहीत आहे. आता तिचं वजन साडेपाच किलो आहे. नाव तेच आहे.

तिने मला उठवण्याला माझी काही तात्त्विक हरकत नव्हती. हरकत नियमाची होती. प्रवासी वाहून नेणारं काहीही चालवायचं, मग ते विमान असो नाहीतर जत्रेतला पाळणा, तर २०४१ पासून निद्रा-दाखला लागतो. एकवीस दिवस मनगटावर पट्टा बांधायचा आणि रोज ठरल्या वेळी झोपून ठरल्या वेळी उठायचं. अर्ध्या तासाच्या वर इकडेतिकडे झालं की दाखला नाही.

मला सावरीच्या खाडीवर सारंग व्हायचं होतं. सारंग म्हणजे बोट चालवणारा. खाडीच्या या तीराला सावरी, त्या तीराला करंजवण आणि मध्ये नवी कोरी, विजेवर चालणारी फेरीबोट. एका खेपेला बारा गाड्या आणि सव्वाशे माणसं. मी लेखी परीक्षा पास होतो, पोहण्याची पास होतो, दोर फेकण्यात जिल्ह्यात दुसरा होतो. राहिली होती फक्त झोप. पंचविसाव्या वर्षापर्यंत दाखला मिळाला नाही तर अर्ज बाद, आणि मला पंचविसावं लागायला अडीच महिने उरले होते.

अर्ज बाद झाला की पनवेल. तिथे माझ्या मेहुण्याच्या गोदामात सगळं काम यंत्रं करतात आणि माणसाने दिवसभर त्यांचे डोळे फडक्याने पुसायचे असतात. आई ताईच्या बाळंतपणासाठी तिकडे गेली ती दीड वर्ष झालं तिकडेच आहे. मीही गेलो असतो तर सावरीच्या घरात अण्णा आणि मांदेली एवढेच उरले असते, आणि दोघांपैकी एकालाही स्वयंपाक येत नाही.

दाखल्यासाठी मी दोनदा झोपलो. दोन्ही वेळा नापास. मांदेली कधी पहाटे तीनला पापणी उचले, कधी पाचला, कधी सकाळी नऊला. दुसऱ्या अहवालात शेरा होता, ‘अर्जदाराच्या झोपेत एका मांजराचा हस्तक्षेप आढळतो.’ शासनाच्या कागदावर माझ्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

मग मी जोडनीज मागवलं.

जोडनीज म्हणजे दोन पट्टे. एक माणसाच्या मनगटाला, एक मांजराच्या गळ्यात. त्यामागचं विज्ञान सोपं आहे. प्रत्येक प्राण्याच्या मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढं एक घड्याळ असतं. कधी झोपायचं, कधी भूक लागायची, कधी अंग तापायचं, ते तिथे ठरतं. माणसाचं घड्याळ उजेडावर चालतं. मांजराचं पहाट आणि तिन्हीसांजेला टोल देतं, कारण उंदीर तेव्हा बाहेर पडतात. आता एकाच फळीवर दोन लंबकाची घड्याळं टांगली, तर काही दिवसांनी दोन्ही एकाच तालात हलायला लागतात, कारण एकाचे बारीक धक्के फळीतून दुसऱ्याला पोचतात. जोडनीज ही ती फळी. मनगटावरचा पट्टा माणसाच्या घड्याळाचे ठोके वाचतो, गळ्यातला मांजराचे. मग पट्टे दोघांना इतकी हलकी कंपनं देतात की ती जाणवतही नाहीत, आणि रोज दहा-वीस मिनिटं करत दोघं एकमेकांकडे सरकतात.

माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ज्याचं घड्याळ पक्कं, त्याच्या मागे दुसऱ्याचं जातं. माणसाचं घड्याळ सहसा पक्कं असतं.

सोबत एक फॉर्म होता. प्रश्न सातवा, घरात अन्य कोणी अवेळी उठतं का? मी लिहिलं, नाही. हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

चौथ्या दिवसापासून मांदेलीने मला उठवणं बंद केलं. आनंदाने मी आईला फोन करून सांगितलं. आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती मला उठवत नाही कारण मी आधीच उठलेला असतो. मी टक्क जागा होऊन तिची वाट बघत असायचो. एकदा तिला यायला उशीर झाला, तेव्हा मी जाऊन तिची पापणी वर केली. आत ती होती.

बाराव्या दिवसापर्यंत माझा दिवस असा झाला होता. सहा तास जागा, सहा तास गाढ, पुन्हा सहा तास जागा, पुन्हा सहा तास गाढ. जागा असायचो तेव्हा इतका जागा असायचो, की अंगणाच्या टोकाला उभा राहून मला करंजवणच्या धक्क्यावरची पाटी वाचता यायची. झोपायचो तेव्हा माझ्या अंगावरून भजनी मंडळ गेलं असतं तरी कळलं नसतं. आणि या सगळ्याची वेळ रोज पुढे सरकत होती. मंगळवारी तीन दहा, बुधवारी चार, गुरुवारी चार पन्नास. रोज पन्नास मिनिटं.

पंधराव्या दिवशी जोडनीजच्या ॲपने मला विचारलं, ‘आपण सध्या पृथ्वीवर राहता का?’ खाली दोन पर्याय होते. ‘हो’ आणि ‘सांगू इच्छित नाही’.

मी ‘हो’ दाबलं. पाच मिनिटांत पुण्याहून फोन आला. विदुला खासनीस, जोडनीजच्या संशोधन विभागातून बोलत होती. तिने नमस्कारसुद्धा केला नाही. माझ्या झोपेचा आलेख तिच्या समोर होता, आणि त्यावरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी तिरकी होती. सबंध देशात जोडनीज वापरणारी चाळीस हजार मांजरं होती आणि सगळ्यांचा दिवस चोवीस तासांचा होता. मांदेलीचा दिवस चोवीस तास पन्नास मिनिटांचा होता. असं जमिनीवरचं एकही सस्तन जनावर विदुलाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे आहे. ती म्हणाली, मी उद्या येते.

आली. तिच्याकडे तीन पेट्या होत्या आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. स्वतः झोपेवर काम करणारी माणसं कधी झोपत नाहीत, हे तिने मला वाटेतच सांगितलं. तिने घरभर फिरून उजेड मोजला, हवा मोजली, फ्रिजची गुणगुण मोजली. मांदेलीच्या कानात बॅटरी मारून बघितलं. अण्णा पडवीत खुर्चीवर बसून सगळं बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “पोरीचं काय हरवलंय?”

दुपारी दीडच्या सुमाराला आम्ही जेवायला बसलो. मी, विदुला आणि अण्णा. सुरमईची आमटी होती, मी झोप मोडून केलेली. मांदेली कोपऱ्यात मुटकुळं करून झोपली होती. विदुला मला सांगत होती की हे जर खरं निघालं तर हा शतकातला शोध असेल, आणि तिचा हात भातात तसाच राहिला होता.

तेवढ्यात मांदेली उठली. आळस देऊन दाराकडे निघाली.

त्याच क्षणी अण्णा उठले. हात धुतला, ताटातला सुरमईचा एक तुकडा चिमटीत घेतला आणि दाराकडे निघाले.

आणि मी उठलो. का उठलो, मला माहीत नाही. आमटी चांगली झाली होती.

आम्ही तिघं दारात एका ओळीत उभे राहिलो आणि खाडीकडे बघायला लागलो. खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा आहे, ओहोटीला तो म्हशीच्या पाठीसारखा उघडा पडतो. त्या पाठीवरून पाण्याची पहिली जीभ सरकत होती. दांडा बुडायला लागला, तशी अण्णांनी बोटं सोडली. तुकडा खाली पडला. मांदेलीने तो खाल्ला. मग तिघंही वळून जेवायला आलो.

विदुला तशीच बसली होती. हात अजून भातात होता.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही आत्ता का उठलात?”

“मी कुठे उठलो?” अण्णा म्हणाले.

त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग हळूहळू, एकेक प्रश्न विचारून तिने सगळं काढून घेतलं, आणि माझ्याही डोक्यात दिवे लागत गेले. अण्णा चाळीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे म्होरके. दांड्यावर पाणी चढल्याशिवाय बोट बाहेर जात नाही आणि आत येत नाही. त्यामुळे पाणी चढायच्या वेळेला, दिवस असो वा रात्र, अण्णा उठत. भरती रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते, तसे अण्णाही सरकत. सहा वर्षांपूर्वी बोट विकली. उठणं राहिलं. पडवीत झोपतात, पाण्याला उठतात, दारात जातात. सोबतीला कोणी नाही म्हणून मांजराला मासळीचा तुकडा घालतात.

आणि मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं, नाही. सावरीत पाण्याला उठणाऱ्याला कोणी अवेळी उठला असं म्हणत नाही. ती वेळच असते. सबंध गावात कोणीही तो फॉर्म भरला असता, तरी हेच लिहिलं असतं.

विदुलाने तारीख विचारली. अण्णांनी तिथी सांगितली. “आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पुरी भरती, त्याआधी तीन तास दांडा बुडणार. दीड.” तिने घड्याळ बघितलं. एक बत्तीस झाले होते.

ती अंगणात जाऊन चक्क दोन उड्या मारून आली. आमच्या घरात पक्कं घड्याळ माझं नव्हतं आणि मांदेलीचंही नव्हतं. चंद्र समुद्राला ओढत होता, समुद्र अण्णांना, अण्णा मांजराला एका सुरमईच्या तुकड्याने, आणि मांजर मला जोडनीजने. या साखळीत फक्त शेवटची कडी विकत आणलेली होती. मलाही उडी मारावीशी वाटत होती. आपण चंद्रावर चालतोय हे कळल्यावर कोणाला नाही वाटणार?

मग मला दाखला आठवला.

विदुलालाही आठवला. उपाय सोपा होता, ती म्हणाली, आणि सांगताना खाली बघत होती. पट्टे काढायचे. अण्णांनी पाण्याला उठायचं नाही, तुकडा घालायचा नाही. आठवड्यात मांजर सरळ होईल, त्यापुढच्या एकवीस दिवसांत मी पास. तिचा शोध बुडाला असता, तरी तिने हे सांगितलं. तेव्हापासून मी तिला मानतो.

अण्णांना मी सांगितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. “तुझी नोकरी होतेय ना? मग झालं तर.”

त्यांनी शब्द पाळला. पाण्याची वेळ झाली की ते खुर्चीतच बसून राहत, डोळे मिटून, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून. मोठ्या लाटेत बोटीच्या काठाला धरून बसावं तसे. बोटांची पेरं पांढरी पडायची. मांदेली समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची. मग दारात जाऊन एकटीच खाडी बघून यायची. चौथ्या दिवशी अण्णांनी जेवण अर्धं टाकलं. सहाव्या दिवशी मला म्हणाले, आज तिथी कुठली? अण्णांनी मला तिथी विचारणं म्हणजे समुद्राने मला रस्ता विचारण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी दांडा बुडायला लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो, बांगड्याचा एक तुकडा आणला आणि अण्णांच्या हातात ठेवला. दोन्ही पट्टे पुन्हा बांधले, एक मला, एक मांदेलीला. आम्ही तिघं दारात जाऊन उभे राहिलो. अण्णा खाडीकडे बघत म्हणाले, “पनवेलला जायचंय वाटतं तुला.” मी म्हटलं, बघू. त्यांनी तुकडा सोडला.

माझ्या दाखल्याच्या अर्जाची सुनावणी दहा दिवसांनी होती. निद्रा-दाखल्याचे तपासनीस गवाणकर साहेब करंजवणला उतरले होते. पहाटे चारला घरून निघाले होते, आणि बोलताना दर तिसऱ्या वाक्याला जांभई गिळत होते. त्यांनी माझा तिरका आलेख बघितला, डोकं तिरकं करून पुन्हा बघितला. मी त्यांना सगळं समजावलं. ते म्हणाले, गोष्ट छान आहे, पण नियमात दिवस चोवीस तासांचा आहे. वर जोडनीजच्या आधाराने झोपणं म्हणजे कॉपी. त्यांनी माझ्या हातातला पट्टा काढून घेतला आणि खिशात टाकला. बाकीचं सावरीला पोचल्यावर बोलू, असं ते म्हणाले आणि आम्ही साडेबाराच्या फेरीत चढलो.

फेरीचं वेळापत्रक जिल्ह्याच्या गावी, समुद्रापासून बऱ्याच लांब, कोणीतरी पेन्सिलीने बनवलं होतं. दर तासाला एक, बरोबर अर्ध्याला. बोट चालवायला ठोंबरे नावाचे बदली सारंग होते. त्यांच्याकडे जिल्ह्यातला सगळ्यात उत्तम निद्रा-दाखला होता. ते रोज दहाला झोपत आणि सहाला उठत. बारा चाळीसला त्यांनी बोट अत्यंत ताज्या मनाने दांड्यावर चढवली.

बोट थांबली. बारा गाड्या, एक लग्नाचं वऱ्हाड, गवाणकर साहेब आणि मी. ठोंबरे म्हणाले की वेळापत्रकात ही खेप आहे, त्यामुळे पाणी असायला हवं होतं.

मला तर झोप अनावर होत होती. माझी ती झोपेचीच वेळ होती. मी गवाणकर साहेबांना म्हटलं, “साहेब, पाणी आलं की मी उठेन,” आणि बाकावर आडवा झालो. नोकरीच्या सुनावणीत अधिकाऱ्यासमोर घोरणारा मी पहिलाच असेन.

पुढचं मला वऱ्हाडातल्या एका काकूंनी सांगितलं. साहेबांनी मला दोनदा हलवलं. वऱ्हाडाने बँड वाजवून बघितला. कोणीतरी माझ्या कपाळावर पाणी शिंपडलं. मी हललोसुद्धा नाही. दोन वाजून चौदा मिनिटांनी मी उठून बसलो, आळस दिला आणि म्हणालो, “ठोंबरे, चालू करा.” आणि बोट बुडाखालून हलकी उचलली गेली.

“अलार्म लावला होतास?” साहेबांनी विचारलं.

माझा फोन त्यांच्याच हातात होता. मला वेळ दिसू नये म्हणून त्यांनी तोही काढून घेतला होता. पट्टा त्यांच्या खिशात होता. मी नुसता सावरीच्या धक्क्याकडे हात केला. तिथे अण्णा उभे होते, आणि त्यांच्या पायाशी एक तांबूस ठिपका.

“आज सप्तमी,” मी म्हटलं. “साहेब, तुमचा नियम कशासाठी आहे? बोट चालते तेव्हा चालवणारा जागा असावा म्हणून. या खाडीत पाणी असतं तेव्हा मी जागा असतो. पाणी नसतं तेव्हा मी झोपलेला असतो, आणि तेव्हा बोटही झोपलेलीच असते. ठोंबऱ्यांना विचारा.”

ठोंबऱ्यांनी मान डोलावली. भला माणूस आहे.

गवाणकर साहेबांनी दांड्याकडे बघितलं, धक्क्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, “चाक घे.”

मी चाक हातात घेतलं. पाणी चढत होतं, ऊन पाठीवर होतं, वऱ्हाड परत वाजवायला लागलं होतं, आणि बोटीखालची खाडी मला तळहातावरच्या रेघांसारखी कळत होती. मी दांड्याला डावीकडे ठेवून बोट वळवली. इतका जागा मी आयुष्यात कधी नव्हतो.

धक्का जवळ आला. मी ठोंबऱ्यांच्या हाती चाक देऊन पुढे गेलो आणि दोर फेकला. मी जिल्ह्यात दुसरा आहे, पण त्या दिवशी दोर जरा लांब गेला. अण्णांनी मान न वळवता एक हात वर केला आणि तो झेलला. सहा वर्षांनी त्यांच्या हातात दोर आला होता. खुंटाला दोन वेढे, वर एक गाठ, आणि मग दोरावर हलकी थाप, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

मी सहीसाठी मागे वळलो. मंद वारा, बिनआवाजाची बोट आणि पहाटे चारपासूनचा प्रवास. गवाणकर साहेब माझा अर्ज मांडीवर घेऊन बाकावर गाढ झोपले होते. त्यांना उठवण्याची माझी हिंमत होईना. ठोंबऱ्यांचीही होईना.

मांदेलीने धक्क्यावरून उडी मारली. बाकावर चढली, साहेबांच्या छातीवर बसली, पंजाने त्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी वर केली आणि आत कोणी आहे का ते बघितलं.

गवाणकर साहेब होते. त्यांनी सही केली.